हळूकाका आणि रक्ताचा अर्धा तास

परळच्या आमच्या रुग्णालयात सगळेच पळत असतात. नातेवाईक पळतात, निवासी डॉक्टर पळतात, स्ट्रेचर ढकलणारे मामा पळतात, आणि आपण कशासाठी पळतोय हे विसरलेली दोन-चार माणसंही कॉरिडॉरमध्ये कायम पळताना दिसतात. या सगळ्यांतून एकच माणूस चालत यायचा. उजवा हात पोटाशी, हातात रक्ताचा बल्ब, नजर समोर. जिना उतरताना कठड्याच्या बाजूने यायचा आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचा. पेटतं निरांजन घेऊन माजघरातून देवघरात जावं तशी ती चाल होती. मागून येणारे वैतागायचे, पण बाजूने वाट काढून पुढे जायचे. कागदोपत्री त्यांचं नाव दुसरंच काही होतं. रुग्णालयात त्यांना सगळे हळूकाका म्हणत.

रक्त घेण्याच्या छोट्या नळीला आमच्याकडे बल्ब म्हणतात. का, ते विचारू नका; मी तिथे लागले तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं. काका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि मी त्यांच्या हाताखाली. मी एम.एस्सी. होते, काका नव्हते, पण हाताखाली मीच होते. आमच्या विभागात एक अभ्यास चालू होता. डोक्याला मार लागून आलेल्या माणसाचं रक्त पहिल्याच दिवशी घ्यायचं, त्यातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त घेऊन तो माणूस कसा आहे ते बघायचं. मेंदूला इजा झाली की तिथली काही प्रथिनं रक्तात उतरतात. ती किती उतरली यावरून त्या माणसाचं पुढे काय होईल हे सांगता येतं का, एवढाच प्रश्न होता.

त्यातली अडचण अशी की यांपैकी एक प्रथिन रक्ताच्या लाल पेशींतही असतं. बल्ब हिंदकळला की पेशी फुटतात, ते प्रथिन सीरममध्ये मिसळतं आणि आकडा उगाच चढतो. म्हणजे रक्त आणणाऱ्याने दोन पायऱ्या एकदम उतरल्या की रुग्णाचा मेंदू कागदावर आणखी बिघडायचा. काका हळू का चालत याचं कारण एवढंच होतं. काम नसतानाही ते तसेच चालत, पण ती सवय झाली होती.

मी गिरगावची. आमच्या घरात चालणं हा पळण्याचाच एक प्रकार आहे. पहिल्या दिवशी आयसीयूतून बल्ब घेऊन मी तीन मजले धडाधड उतरले आणि काकांसमोर अभिमानाने ठेवला. काकांनी तो अलगद उचलला. बल्ब अर्धा तास उभा ठेवला, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. चांगलं सीरम पातळ केलेल्या साजूक तुपासारखं दिसतं. हे गुलाबी होतं.

"सोलकढी झाली याची," काका म्हणाले. "कोणी आणला?"

"मी."

"खंय आग लागली होती?"

मग त्यांनी मला पुन्हा वर पाठवलं. दुसरं रक्त घ्यायला तर खरंच, पण नुसतं तेवढ्यासाठी नाही. "त्या माणसाच्या हातावर आता आणखी एक भोक पडणार," ते म्हणाले. "ते पडताना उभी राहून बघ, आणि मग ये." मी उभी राहून बघितलं. माणूस बेशुद्ध होता. त्याची बहीण शेजारी बसली होती. येताना मी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवले.

बल्बमध्ये रक्त आलं की काका तो पाच वेळा अलगद उलटा-सुलटा करत. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी वेळ नाही. मग स्टँडमध्ये उभा करून अर्धा तास थांबत, कारण त्याशिवाय रक्त नीट गोठत नाही. या अर्ध्या तासात बल्बला कोणी हात लावायचा नाही, त्या टेबलाला टेकायचंही नाही. काका एरवी फारसे बोलत नसत. जे काही बोलायचे ते या अर्ध्या तासात. लालबागच्या त्यांच्या चाळीतली सगळी माणसं मला अशी तीस-तीस मिनिटांच्या हप्त्यांनी कळली. पंचाईत एकच होती. अर्धा तास झाला की काका वाक्याच्या मध्यात उठत. गोष्ट कितीही रंगात आलेली असो, "वेळ झाली" म्हणत आणि सेंट्रिफ्यूजकडे जात. उरलेली गोष्ट पुढच्या रुग्णाच्या रक्ताला.

रक्त घेण्याआधी नातेवाइकांची सही लागायची. त्यासाठी आमच्या विभागप्रमुख सरांनी दोन पानांची माहिती लिहून दिली होती. ती वाचून नातेवाईक आणखी घाबरत. काका ती पानं त्यांच्या हातात देत आणि तोंडी तीनच वाक्यं सांगत. "थोडं रक्त घेणार आहे. याचा तुमच्या माणसाला काही उपयोग नाही. झाला तर पुढे कुणाच्या तरी माणसाला होईल." मला वाटायचं, असं सांगितल्यावर कोण सही करील? बहुतेक सगळे करत. एका बाईने तर सही करून झाल्यावर काकांना चहा आणून दिला. काकांनी तो घेतला नाही. बल्ब हातात होता.

सही झाली की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "मग यातून कळेल का हो, वाचेल की नाही?" इथे आमचे शिकलेले लोक छताकडे बघून इंग्रजीत बोलायला लागतात. काका सरळ सांगत की आम्हाला आत्ता काही कळणार नाही. अभ्यासाचा नियमच तसा होता. आधी सहा महिने जाऊ द्यायचे, माणसाला भेटून फॉर्म भरायचा, आणि त्यानंतर सीरम बाहेर काढून आकडा बघायचा. नाहीतर आकडा मनात धरून माणूस बघितला जातो. "आधी माणूस, मग आकडा," असं काका म्हणत. सरांनी या नियमावर दीड पान लिहिलं होतं.

एकदा त्या अर्ध्या तासात मी त्यांना विचारलं, "काका, तुमचा विश्वास आहे का या आकड्यांवर?" ते बल्बकडे बघत वडिलांबद्दल बोलायला लागले. त्यांचे वडील गिरणीत साचाखात्यात होते, साच्यावरचे विणकर. "बाबा धावतं सूत बघून सांगायचे," काका म्हणाले, "आज किती धागे तुटणार. आणि तेवढेच तुटायचे. पण कुठला तुटणार ते त्यांना कधी सांगता आलं नाही. आपलंही तसंच आहे. हा आकडा शंभर माणसांबद्दल खरं बोलेल. एका माणसाबद्दल नुसता अंदाज." पुढे मी या विषयावर बरंच वाचलं. यापेक्षा जास्त काही हाती लागलं नाही.

सहा महिन्यांनी भरायच्या फॉर्मला आठ खाने होते. पहिल्या खान्यात गेलेली माणसं, आठव्यात पूर्वीसारखी झालेली, मधल्या सहांत बाकीचे. फोनवर विचारून भरला तरी चालतो असं ठरलं होतं. काकांना ते मान्य नव्हतं. "फोनवर सगळे बरे असतात," ते म्हणत. म्हणून रविवारी आम्ही घरोघरी जायचो. शीव, प्रभादेवी, शिवडी, जिथे माणूस असेल तिथे. काका दारात चपला काढायचे, पाणी घ्यायचे आणि मला प्रश्न विचारायला सांगून स्वतः गप्प बसायचे.

वरळी कोळीवाड्यातली भेट मी विसरणार नाही. बोटीवरचा दोर तुटून त्याचा फटका एका मच्छीमाराच्या डोक्याला बसला होता. आम्ही गेलो तेव्हा तो ओट्यावर बसून जाळं शिवत होता. बोटं अशी चालत होती की बघत राहावं. त्याची बायको बोंबील वाळत घालता घालता म्हणाली, "जालं कसं शिवतंय बघा. बरा हाय तो." मी प्रश्न विचारले. एकटे बाजारात जातात का? नाही, वाट चुकतो. एकटे बसने जातात का? नाही. मुलीचं नाव? त्याने हसून बायकोकडे पाहिलं. एकट्याने बाहेर जाता येत नसेल तर पाचवा नाही, चौथा खाना. पण त्या बोटांकडे बघून माझ्याच्याने चौथ्यावर खूण करवेना. मी पाचव्यावर केली.

बस स्टॉपवर काकांनी विचारलं, "कुठल्या खान्यात टाकलंस?"

"पाचव्या."

"एकटा बाजारात जातो?"

"नाही. पण काका, हात बघितलेत ना? किती सफाईने—"

"हात जुने आहेत, बाय," काका म्हणाले. "फॉर्म आजचं विचारतो."

बस आली. काका चढले नाहीत. मी फॉर्म बाहेर काढून पाचव्यावरची खूण खोडली, चौथ्यावर केली, बाजूला सही केली. मग दुसरी बस येईपर्यंत आम्ही उभे राहिलो. "मायेने पण आकडा खराब होतो," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "बल्ब हलवल्याने होतो तसाच." मला त्यांचा राग आला होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी पुढे बोलले नाही, आणि ते काकांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

काकांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. त्या शनिवारच्या अर्ध्या तासात ते मला चाळीतल्या खालच्या मजल्यावरच्या परबांची गोष्ट सांगत होते. परब मेव्हण्याच्या लग्नाला गावी गेले, पंगतीत बसले, पहिला भात वाढून झाला, आणि ताट सोडून उठले ते थेट एसटी पकडून मुंबईला आले. बायकोलाही तिथेच ठेवून. "का?" मी विचारलं. "तीच तर गोष्ट आहे," काका म्हणाले. तेवढ्यात वेळ झाली. "उरलेलं सोमवारी."

रविवारी सकाळी ते मासळी घेऊन फुटपाथवरून घरी चालले होते. अर्थातच हळू. मागून एक मोटरसायकल फुटपाथवर चढली. चालवणाऱ्याला काही लागलं नाही. आपण घाईत होतो, असं त्याने पोलिसांना सांगितलं. काकांचं डोकं कडेच्या दगडावर आपटलं. कुणीतरी त्यांना टॅक्सीत घालून आमच्याच कॅज्युअल्टीत आणलं, बरोबर बांगडे भरलेली पिशवीही आली. तिथल्या मामांनी त्यांना ओळखलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळे हळूकाकांसाठी पळाले.

मला फोन आला तशी मी आले. काकी आयसीयूच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या, ती पिशवी मांडीवर घेऊन. काका अभ्यासात बसत होते. डोक्याला मार, पहिला दिवस, वय मर्यादेच्या आत. त्यांना सोडलं असतं तर मला कोणी काही म्हटलं नसतं. पण ते स्वतः म्हणाले असते. मी दोन पानं काकींच्या हातात दिली आणि सुरुवात केली, "काकी, थोडं रक्त घेणार आहे. याचा काकांना काही—"

"ठाऊक आहे मला," काकी म्हणाल्या. "घरी येऊन हेच बोलत बसायचे." आणि त्यांनी सही केली.

रक्त मीच घेतलं. बल्ब पाच वेळा उलटा-सुलटा केला. तीन मजले उतरायला मला सात मिनिटं लागली. दोघांनी मागून शिव्या दिल्या. अर्धा तास बल्बसमोर बसले, मग फिरवला, ट्यूबलाइटसमोर धरला. साजूक तूप. गुलाबीपणाचा मागमूस नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, याची सोलकढी झाली असती तर बरं झालं असतं. मग आकड्यावर विश्वास ठेवायची वेळ आली नसती.

तिसऱ्या दिवशी काकी प्रयोगशाळेत आल्या. त्या तिथे कधी आल्या नव्हत्या. काकांचं स्टूल कुठलं ते विचारलं, त्यावर बसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमच्या या मशीनात कळता ना? मला खरं ते सांग. मी कुणाक बोलूची नाय." मशीन समोरच होतं. सीरम फ्रीझरमध्ये होतं. दोन तासांचं काम. खोटं सांगत नाही, मी फ्रीझर उघडला, काकांच्या सीरमची कुपी हातात घेतली आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. पण ती एकदा वितळवली असती तर अभ्यासातून गेली असती, आणि काकांनी डोळे उघडल्याबरोबर मला तेच विचारलं असतं. मी कुपी परत ठेवली. काकींना म्हटलं, "मला माहीत नाही, काकी. सहा महिन्यांनी कळेल." त्यांनी मान हलवली आणि हळूहळू जिना चढून वर गेल्या. मला तेव्हा रडू आलं. टेबलावर दुसऱ्या कुणाचा तरी बल्ब उभा होता, म्हणून मी बाहेर जाऊन रडले.

काकांनी अकराव्या दिवशी डोळे उघडले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. पुढे ते उठून बसले, चालायला लागले, घरी गेले. निवृत्तीचा समारंभ त्यांच्याशिवाय झाला. सरांनी भाषण केलं आणि शाल माझ्याकडे दिली.

सहा महिन्यांनी एका रविवारी मी लालबागला गेले. दारात चपला काढल्या, पाणी घेतलं. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. त्यांनी माझ्याकडे बघून काकींना विचारलं, "ही कोण?" काकींनी सांगितलं. ते "हां हां" म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

मी फॉर्म काढला. काकी माझ्या समोर येऊन बसल्या.

"एकटे बाजारात जातात?"

"नाही."

"घरी आठेक तास एकटे राहू शकतात?" हा चौथ्या आणि तिसऱ्या खान्यांमधला प्रश्न; नाही म्हटलं तर तिसरा.

"ऱ्हवतत की. मी मासळी आणूक जातंय तेव्हा असतत एकटेच."

"किती वेळ, काकी?"

"पंधरा मिनिटां," त्या म्हणाल्या. "परबांची सून बघता येऊन."

सहा महिन्यांचं रक्तही घ्यायचं होतं. काकांनी हात पुढे केला, सुई टोचताना नेहमीच्या रुग्णासारखे दुसरीकडे बघत राहिले. बल्ब भरला. मी तो उलटा करणार इतक्यात त्यांनी हात पुढे करून तो माझ्याकडून काढून घेतला. खिडकीच्या उजेडात धरला. एक, दोन, तीन, चार, पाच. ओठ हलत नव्हते. मोजत नव्हते ते. मनगट फक्त वळत होतं, अलगद, आणि पाचव्यानंतर थांबलं. मग तो त्यांनी उभाच्या उभा माझ्या हातात दिला.

"हात बघ गो तेंचे," काकी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पयलेसारखेच आसत."

"हो, काकी."

"मग लिही ना तसा."

मी फॉर्म पिशवीत ठेवला. निघताना काका म्हणाले, "हळू जा, बाय." बाय ते कुणालाही म्हणत, तेव्हा त्याचा काही अर्थ काढता येत नाही. लालबागपासून परळपर्यंत मी बल्ब पोटाशी धरून चालत आले. रविवार होता, तरी फुटपाथवर मोटरसायकली होत्याच.

प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. बल्ब स्टँडमध्ये उभा केला, घड्याळ लावलं आणि काकांच्या स्टुलावर बसून फॉर्म समोर घेतला. चौथ्या खान्यावर पेन टेकवून मी किती वेळ बसले कोण जाणे. पंधरा मिनिटं आणि आठ तास यांत फार अंतर आहे. हात जुने होते. मी तिसऱ्यावर खूण केली आणि खाली सही केली.

मग घड्याळ बघितलं. अजून बारा मिनिटं बाकी होती. परबांच्या मेव्हण्याच्या लग्नाची उरलेली गोष्ट सांगायला काकांना तेवढी पुरली असती.